संगमरवरात उभा घोडा: दगड निवडण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत

माझा पहिला संगमरवरी घोडा पुढच्या उजव्या पायातून गेला. डोकं झालं होतं, आयाळ झाली होती, पोटाखालचा दगड काढून चारही पाय मोकळे केले होते आणि मी पाठीवर दातेरी छिन्नी चालवत होतो. प्रत्येक घावाला येणारा ‘टण्’ आवाज एकाएकी ‘थप्’ झाला. वाकून बघितलं तर खुराच्या वर दोन बोटांवर केसासारखी आडवी रेघ. घोडा अजून उभाच होता, पण हात लावल्यावर पाय हलला.

दगड चांगला होता, हत्यारंही बरी होती. चुकला होता तो क्रम. संगमरवर दाब भरपूर सोसतो. ताण आणि वाक सोसण्याची ताकद मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. घोड्याच्या धडाचं वजन पायांवर येतं त्यानं पाय मोडत नाहीत. ते मोडतात वरच्या घावाच्या हादऱ्यानं, उचलताना बसलेल्या हिसक्यानं, आडव्या धक्क्यानं. वि. पां. करमरकरांचा १९२८ सालचा पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघून आपल्याला वाटतं की घोडा असाच पायांवर उभा राहतो. पण तो ब्राँझ आहे. ब्राँझ लवतं, आतून पोकळ ठेवता येतं. ते गणित दगडाला लावता येत नाही.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एका नियमाभोवती लावल्या आहेत: पोटाखालचा दगड सगळ्यात शेवटी निघतो, आणि तोही पूर्ण निघत नाही.

उदाहरणासाठी मी खुरापासून पाठीच्या सुरुवातीपर्यंत १२ इंच उंचीचा, चारही पाय टेकून शांत उभा असलेला घोडा घेतला आहे. दगडात अजिबात हात चालवला नसेल तर आधी नुसतं डोकं किंवा बसलेला घोडा करा. सरावलेल्या हाताला, रोज चार तास धरले तर, या आकाराला दोन-अडीच महिने लागतात.

आधी जिवंत घोडा

फोटोवरून घोडा घडवू नका. फोटोत छातीची रुंदी कळत नाही, पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा गोल भाग, वरून कसा दिसतो ते कळत नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथे दोन दिवस वही घेऊन फिरलात तर वर्षभराचा अभ्यास होतो. व्यापाऱ्याला विचारा, घोडा धरायला सांगा आणि टेपनं मापं घ्या. वारीच्या रिंगणात घोडा धावताना बघा. मातीवर टाप पडते तेव्हा खांद्याचं पातं कातडीखाली कसं सरकतं ते तिथे जवळून दिसतं. घोड्याला हासळीचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. खांदा घडवताना हे डोक्यात असेल तर तो खिळ्यानं ठोकल्यासारखा दिसत नाही.

मापाचं एकक म्हणजे घोड्याचं स्वतःचं डोकं, कानांमधल्या टाळूपासून वरच्या ओठापर्यंत. मान जिथे पाठीला मिळते तिथला उंचवटा जमिनीपासून साधारण अडीच डोकी उंच असतो. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबीही जवळपास तेवढीच, त्यामुळे मान आणि डोकं सोडलं तर बाजूनं घोडा चौरसात बसतो. आपल्या १२ इंची घोड्याचं डोकं म्हणजे पावणेपाच इंचांचं. छातीची खोली उंचीच्या निम्म्याहून थोडी कमी ठेवा. नवशिक्यांच्या हातून पोट खोल आणि पाय आखूड होतात आणि घोड्याचं तट्टू होतं.

आपण पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो तो हाडांच्या हिशेबानं मनगट आहे. मागच्या पायाचा मागे टोक काढलेला सांधा म्हणजे टाच. आणि हे टाचेचं टोक पुढच्या गुडघ्यापेक्षा वर असतं. दोन्ही सांधे एका पातळीवर आले तर टेबलाचे पाय दिसतात. माझी तपासणीची पद्धत सोपी आहे: पुठ्ठ्याच्या मागच्या टोकावरून ओळंबा सोडायचा. पाय सरळ टेकलेला असेल तर दोरी टाचेच्या टोकाला लागून नळीच्या, म्हणजे त्याखालच्या सरळ हाडाच्या, मागच्या बाजूनं खाली उतरते. मॉडेलवर आणि पुढे दगडावरही हा ओळंबा मी पन्नासदा सोडतो.

कुठला दगड राहणार, ते ठरवा

दीड मीटर उंचीच्या घोड्याच्या पायाची नळी जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर जाड असते. १२ इंचांच्या प्रमाणात ती अर्धा इंच भरते. अर्ध्या इंचाच्या चार काड्यांवर दहा किलो दगडाचं धड. ते ठेवलं तर उभं राहील, पण घडवताना टिकणार नाही. म्हणून मी नळी पाऊण इंच ठेवतो. डोळ्याला ते खटकत नाही.

पण तेवढ्यानं भागत नाही, आधार लागतोच. फ्रेंच शिल्पकार गियोम कुस्तूचे मार्लीचे घोडे १७४५ साली मार्लीच्या बागेत उभे राहिले. आता ते पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहेत. दोन्ही घोडे मागच्या पायांवर उसळलेले, कारारा संगमरवरातले. त्यांच्या पोटाखाली बघा, खडक वर चढत गेलेला दिसेल. तो सजावटीसाठी नाही, घोड्याचं वजन त्याच्यावर आहे. एवढ्या मोठ्या कारागिरानं आधार ठेवला, मग आपण लाजायचं कारण नाही. फक्त तो मागून चिकटवल्यासारखा दिसू नये म्हणून सुरुवातीपासून चित्रात घ्या. गवताचा उंच झुबका, झाडाचं खोड, खडक, काहीही चालेल. मला सगळ्यात आवडतो तो घोडी आणि तिच्या पोटाशी बसलेलं शिंगरू हा पर्याय. शिंगरू बसलेलंच ठेवा, नाहीतर आणखी चार पाय सांभाळावे लागतील.

आधार पोटाला किमान दोन इंच लांब आणि दीड इंच रुंद भिडलेला हवा. शेपूट खाली सोडून बैठकीला, म्हणजे पायांखालच्या दगडी पाटाला, टेकवा, तो पाचवा पाय. मान फार पुढे ताणू नका. आयाळ एका बाजूला मानेवर पडू द्या, तेवढीच मान जाड राहते.

कानांसाठी मारवाडी किंवा काठियावाडी घोडा निवडणं शहाणपणाचं. त्यांचे कान आत वळून टोकाला एकमेकांना भिडतात. दगडात त्याची कमान होते, आणि कमान ही दोन सुट्या टोकांपेक्षा कितीतरी पक्की.

मॉडेल

थेट दगडावर घाव घालणारे उस्ताद असतात, त्यांना नमस्कार. आपण मात्र आधी त्याच आकाराचं मॉडेल करायचं. जाड तारेचा सांगाडा, त्यावर शाडू. शाडू वाळताना आकसतो आणि तडकतो, म्हणून ओला असतानाच साचा घेऊन प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओता. आधार, बैठक, शेपूट सगळं मॉडेलमध्ये हवं. इथे आठवडा जास्त गेला तर जाऊ द्या. मातीत चूक सुधारायला मिनिट लागतं.

दगड

मकराण्याचा पांढरा संगमरवर ताजमहालात आहे, कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे आणि घोड्यासाठीही पहिली पसंती त्यालाच. तो कॅल्साइटचा दगड आहे, कणांची वीण घट्ट, कडा धरून ठेवणारी. खनिजांच्या १ ते १० या मोह्ज मापावर कॅल्साइटचा कठीणपणा ३, त्यामुळे पोलादी छिन्नीही चालते. गुजरातेतला अंबाजीचा दगडही मूर्तींसाठी चांगला. डोलोमाइटचा पांढरा दगड दिसायला तसाच असतो, पण छिन्नीला जड जातो. ओळखायचं असेल तर तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: कॅल्साइट लगेच फसफसतो, डोलोमाइट जेमतेम.

आपल्या घोड्याला २० इंच लांब, १८ इंच उंच आणि ७ इंच जाड ठोकळा लागेल. दोन इंच बैठकीचे त्यातच धरले आहेत. संगमरवराचा घनफूट साधारण ७६ किलो भरतो, म्हणजे हा ठोकळा ११० किलोंच्या आसपास. त्यातून तयार घोडा, आधार आणि बैठक मिळून बावीस-पंचवीस किलो उरतील. चार पंचमांश दगड कपच्या आणि भुगा होऊन जातो, तेव्हा कपच्या टाकायची सोय आधीच बघून ठेवा.

वखारीत ठोकळा पसंत करताना हातोडीनं वेगवेगळ्या ठिकाणी ठोकून बघा. सगळीकडे घंटेसारखा स्वच्छ आवाज यायला हवा. एखाद्या कोपऱ्यात बद्द वाजला तर आत चीर आहे. मग दगडावर बादलीभर पाणी ओता आणि थांबा. पृष्ठभाग वाळत जातो तशी चिरेची रेघ ओली, काळसर राहते. मला अशी रेघ दिसली की भाव कितीही उतरवला तरी मी तो दगड घेत नाही. राखाडी शिरा असतील तर त्या पायांना आडव्या छेदणार नाहीत असा घोडा ठोकळ्यात बसवा. शीर मानेवरून, पाठीवरून गेली तर शोभते. नळीवरून आडवी गेली तर तिथेच तुटते.

जमलं तर जयपूरला खजानेवालों का रास्ता या गल्लीत एक दिवस नुसतं उभं राहा. ठोकळ्यातून मूर्ती मोकळी करताना पहिला दगड कुठून उडवतात ते बघण्यासारखं आहे.

हत्यारं आणि जागा

सुतकी म्हणजे पाथरवटाचा जड हातोडा, दोन वजनांच्या हातोड्या, टाकी म्हणजे अणीदार छिन्नी, चार किंवा पाच दातांची दातेरी छिन्नी, चपट्या छिन्न्या, कानशी आणि वाकड्या तोंडाच्या लहान रास्प म्हणजे भरड दातांच्या कानशी. कार्बाइड टोकाच्या छिन्न्या महाग पडतात पण सारखी धार लावावी लागत नाही. चार इंची ग्राइंडर डायमंड ब्लेडसह, एक डाय ग्राइंडर, एक ड्रिल. मापासाठी परकार, गुण्या, ओळंबा.

ठोकळा कमरेच्या उंचीच्या जड ओंडक्यावर ठेवा आणि खाली वाळूच्या पोत्याची गादी द्या. वाळू हादरा पिते. मास्क चांगल्या प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. रुमाल बांधून बारीक भुगा अडत नाही. गॉगल आणि कानांवर मफ घाला. कापताना पाणी सोडत असाल तर विजेच्या लाइनवर अर्थ लिकेज ब्रेकर (गळती झाली की वीज तोडणारा) असल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती बोटांवर येते.

ठोकळ्यातून घोडा मोकळा करणं

मॉडेलवरून मापं दगडावर न्यायला पॉइंटिंग मशीन असतं, पण त्याच्याशिवायही भागतं. एका सपाट फळीवर इंचाइंचाचे चौकोन आखा. फळी मॉडेलच्या बाजूला गुण्यात उभी करा आणि प्रत्येक चौकोनातून मॉडेलचा पृष्ठभाग किती आत आहे ते पट्टीनं मोजून लिहा. मग तीच फळी दगडाच्या बाजूला तितक्याच अंतरावर उभी करायची. ज्या चौकोनात माप पाच इंच आहे तिथे दगड साडेचार इंचांवर आला की थांबायचं. अर्धा इंच कायम हातात ठेवायचा, पायांच्या भागात पाऊण.

बाजूची आकृती दगडाच्या दोन्ही तोंडांवर गेरूनं काढा. दोन्हीकडच्या रेघा वरच्या कडेवर जुळतात का ते गुण्यानं बघा. मग मानेच्या पुढचा, पाठीच्या वरचा आणि पुठ्ठ्यामागचा दगड काढायचा. ग्राइंडरनं अर्ध्या-अर्ध्या इंचावर समांतर काप घ्या. दगडाच्या पापड्या उभ्या राहतील. त्या हातोडीनं आडव्या मारून तोडा, बुडखा टाकीनं साफ करा. पोटाखाली काही करायचं नाही. तिथे गेरूची रेघ राहू द्या, पुन्हा पुन्हा काढा, पण हत्यार लावू नका. चारही पाय, आधार, मधला सगळा दगड मिळून एक भिंत दिसेल, आणि वर घोडा उगवायला लागेल.

टाकी कशी धरता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सुरुवातीला पन्नास-साठ अंशांत, पृष्ठभाग जवळ आला की आणखी आडवी. काटकोनात मारलेल्या घावाचा दगडाला मुका मार बसतो. वरून काही दिसत नाही, पण आतले कण चुरडतात आणि महिन्यानं पॉलिश करताना तिथे पांढरा डाग उमटतो. तो कितीही घासला तरी जात नाही. माझ्या एका घोड्याच्या पुठ्ठ्यावर असे तीन डाग अजून आहेत.

टाकीनं अर्ध्या इंचापर्यंत आलात की दातेरी छिन्नी. ती आकाराच्या दिशेनं चालवा, खांद्यावर गोल, पोटावर लांब. एक दिशा झाली की तिला छेदणारी दुसरी. पृष्ठभाग एक सूत (इंचाचा आठवा भाग) वर राहिला की चपटी छिन्नी आणि कानस. मान, धड, पुठ्ठा हा सगळा वरचा भाग इथेच जवळपास पूर्ण करायचा. पाय मोकळे झाल्यावर पाठीवर एकही घाव पडणार नाही, इतकं पूर्ण.

डोकं

इथे घाई करू नका. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी शिरोभागातलं सेलेनीच्या घोड्याचं डोकं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इसवी सनपूर्व ४३८ ते ४३२ या काळातलं. चंद्रदेवतेचा रथ रात्रभर ओढून दमलेला घोडा. त्याचे मोठे, स्पष्ट फोटो समोर लावून ठेवा. जबड्याची गोल सपाट थाळी, बाहेर आलेला डोळा, फुललेली नाकपुडी, आणि त्यांच्या मध्ये हाडाला चिकटलेली पातळ कातडी.

डोळा टाळूपासून साधारण एक तृतीयांशावर येतो. तो बाजूला असतो, पण समोरून बघितल्यावरही दोन्ही डोळे कडेला फुगलेले दिसले पाहिजेत. आधी डोळ्याची पूर्ण गोटी ठेवा, मग वरच्या पापणीची जाड घडी तिच्यावर बसवा. पापणी आधी कोरली तर डोळा खोल जातो आणि घोडा आजारी दिसतो. डोळ्याखालून हाडाची एक धार सरळ पुढे निघते आणि नाकपुडीच्या अर्ध्या वाटेत विरते. ही धार नसेल तर चेहरा गाढवाकडे झुकतो. नाकपुडी स्वल्पविरामासारखी. तिला ३ मिलिमीटरच्या बिटनं तिरकं भोक घ्या आणि आतून बाजू कोरा. तोंडाची फट आखूडच ठेवा, लांब झाली की घोडा हसायला लागतो.

मकराण्याच्या दगडात उजेड थोडा आत शिरतो, त्यामुळे सावल्या मऊ पडतात. प्लास्टरमध्ये जी घळ पुरेशी वाटली ती दगडात दीडपट खोल घ्यावी लागते. संध्याकाळी सगळे दिवे बंद करून एकच बल्ब बाजूनं धरा. दिवसा न दिसलेला प्रत्येक उंचवटा दिसतो.

कानांच्या मधला दगड अजून राहू द्या. आयाळीच्या बटा खोल घळींनी वेगळ्या करा, पण एकेक केस रेघू नका.

आता पाय

इथून पुढे हातोडी बाजूला ठेवायची. आधी पायांच्या बाहेरच्या बाजू ग्राइंडरच्या हलक्या स्पर्शानं आणि रास्पनं घडवा: वरची मांडी, गुडघा, नळी, खुराच्या वरचा सांधा, खूर. मग पुढचे पाय आणि आधार यांच्या मधल्या दगडाला ८ मिलिमीटरची भोकं ओळीनं पाडा, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, निम्मी या बाजूनं आणि निम्मी त्या बाजूनं. भोकं मध्ये मिळाली की मधल्या भिंती डाय ग्राइंडरनं काढा. तसंच आधार आणि मागच्या पायांच्या मध्ये.

पुढच्या दोन पायांच्या मधली जागा उघडताना नळीच्या मध्यावर बोटभर जाडीची आडवी पट्टी सोडा, मागच्या पायांतही. या पट्ट्या आता काढायच्या नाहीत. मनात येईल की पट्टी काढून घोडा कसा दिसतो ते एकदा बघावं. बघू नका.

खूर बैठकीत विरघळलेले ठेवा: खुराभोवती एक सूतभर माती किंवा गवत वर चढलेलं दाखवलं की तिथला सर्वांत नाजूक कोपरा जाड होतो.

एवढं सांभाळूनही पाय गेला, तर तुटीची दोन्ही तोंडं हात न लावता ब्रशनं साफ करा. कणाला कण बसतो, म्हणून तोंडं घासू नका. मध्ये स्टेनलेस स्टीलची बारीक पिन आणि स्वच्छ इपॉक्सी, सांध्यात त्याच दगडाचा भुगा. लोखंडी सळई कधीही वापरू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक अभियंता बालानोस यांनी पार्थेनॉनच्या दुरुस्तीत लोखंडी पकडी घातल्या. त्या गंजून फुगल्या आणि त्यांनी संगमरवरच फोडला. पुढच्या पिढीला त्या काढून टायटॅनियमच्या घालाव्या लागल्या. माझ्या पहिल्या घोड्याचा पाय मी असाच स्टीलच्या पिनेनं जोडला. सांधा आजही ओळखू येतो, पण धरून आहे.

पॉलिश

सगळा घोडा आरशासारखा करू नका. धड, मान आणि गाल चकचकीत, आयाळ आणि शेपटीवर छिन्नीचे ठसे, बैठकीवर टाकीचे. उजेड धडावरून घसरतो आणि आयाळीत अडतो, तेव्हाच घोड्याला कातडी आणि केस वेगळे मिळतात.

वॉटर पेपर पाण्यासोबत: १२०, २२०, ४००, ६००, ८००, १२००. प्रत्येक पेपरनंतर धुऊन, वाळवून, तिरक्या उजेडात बघा. १२० चा ओरखडा १२०० नं जात नाही, पुन्हा मागे यावं लागतं. बाक पडलेल्या जागी पेपर रबराच्या तुकड्यावर गुंडाळा. पायांना हातानंच घासा, तेही उभं, आडवा जोर नको. शेवटी टिन ऑक्साइडची पातळ लापशी आणि लोकरीचा नमदा. ऑक्झॅलिक आम्लानं चमक लवकर येते, पण ते विषारी आहे. वापरलंत तर हातमोजे घाला आणि जागा हवेशीर ठेवा.

हे सगळं झाल्यावरच पायांमधल्या पट्ट्या बारीक डायमंड आरीनं कापायच्या, कापलेल्या जागा कानशीनं आणि पेपरनं मिळवायच्या. त्यानंतर कानांच्या मधला दगड, भिडलेली टोकं तशीच ठेवून. त्या दिवशी मी दुसरं काही काम करत नाही.

उचलणं आणि सांभाळणं

तयार घोडा उचलताना हात बैठकीखालीच. मान, शेपूट, पाय, काहीही धरायचं नाही, आणि मदतीला आलेल्या माणसाला हे आधी सांगायचं, कारण नवा माणूस हमखास मान पकडतो. प्रवासात पेटीतल्या फोमचा दाब बैठकीवर आणि धडावर येऊ द्या, पायांच्या मधल्या जागेत मऊ कापूस हलका भरा.

घोडा घरातच ठेवा. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात संगमरवर हिरवट-काळा पडतो आणि पॉलिश उडतं. धूळ मऊ ब्रशनं झटका, डाग पडला तर साधं पाणी आणि सौम्य साबण. दसऱ्याला घोड्याला हळद-कुंकू वाहायचं असेल तर बैठकीसमोर वाहा, दगडावर नको. हळदीचा डाग आत शिरतो. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की पितळेसारखं लिंबानं किंवा चिंचेनं घासायचं नाही. एका लिंबाच्या फोडीनं तुमची १२०० ची चमक मिनिटभरात खाल्ली जाते, आणि तो भाग पुन्हा ४०० पासून घासत यावा लागतो.